डाव्या कोपऱ्याचा हात

चहाबरोबर काजू आले, तेव्हाच सुगंधा माझ्या कानाशी लागून म्हणाली, "हेमा, आज आपल्याकडनं काहीतरी काढून घेणार बघ."

मला हसू आवरेना. आमच्या कबड्डी संघाचे व्यवस्थापक मोहिते साहेब चिक्कूपणात कुणाला हार जाणारे नव्हते. अख्ख्या हंगामात त्यांनी आम्हाला केळीसुद्धा मोजून दिली होती, आणि आज बशीभर काजू स्वतःच्या हातानं पुढे सरकवत होते. त्यांच्या हॉटेलच्या खोलीत खेळाडू म्हणून आम्ही दोघीच. प्रशिक्षक बाबर सर खिडकीशी पाठमोरे उभे राहून खाली हमरस्त्यावरचे ट्रक बघत होते. सर आमच्याकडे बघत नाहीत म्हणजे गोष्ट साधी नाही, एवढं मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आम्ही सोफ्यावर शेजारी बसलो होतो आणि तिचा उजवा हात माझ्या डाव्या हातात होता. यात नवल काही नव्हतं. कितीतरी वर्षं आम्ही एकमेकींचा हात धरून खेळत होतो. आधी कराडच्या मंडळाकडून, मग जिल्ह्याकडून, आणि महिलांची ही नवी लीग निघाल्यावर कृष्णाई संघाकडून. एसटीत बसलो, लग्नाच्या पंगतीत बसलो, तरी हात आपोआप हातात जायचा. माझा नवरा चेष्टेनं म्हणायचा, तुझं लग्न नक्की कुणाशी लागलंय ते एकदा सांग.

सुगंधा डाव्या कोपऱ्यावर खेळायची आणि मी तिला लागून. समोरची मुलगी चढाईला आत आली की सुगंधा वाकून फक्त तिच्या पायांकडे बघायची. वरचं सगळं मी बघायचं, म्हणजे तिची नजर, तिचे खांदे, तोल कुठं चाललाय ते. पोरीचं लक्ष जरा हललं की मी सुगंधाचा हात दोनदा दाबून सोडून द्यायचे. त्याचा अर्थ एकच होता: घूस, मी मागून आलेच. हात सुटला की ती झेपावून घोटा धरायची, आणि मी त्याच दमात वरून जाऊन त्या पोरीला अडवायचे. मी गेले नाही तर धावत्या पोरीचं सगळं वजन खाली पडलेल्या सुगंधाच्या अंगावर यायचं. म्हणून ती कधी मागे वळून बघायची नाही. बघायला वेळच नसतो, आणि तिला गरजही वाटत नव्हती.

"पल्लवी गेली," मोहिते साहेब म्हणाले. मग आमचे चेहरे बघून घाईनं पुढे म्हणाले, "गेली म्हणजे या हंगामातनं गेली. गळ्याजवळचं हाड आहे. डॉक्टर म्हणतात, आता पुढच्या वर्षी."

"ते ठाऊक हाय की साहेब," सुगंधा म्हणाली. "आम्हीच उचलून आणली तिला मैदानातनं."

"मग सांगा, आता चढाईला कोण आहे आपल्याकडं? हरियाणाची एक मुलगी आहे, मीनू म्हणून. यंदा तिला कुठल्याच संघानं घेतलेलं नाही. उद्या बोलावली तर परवा हजर होतीय. तीन लाखांत येतीय."

"मग आणा की."

"आणता येत नाही, तिथंच तर घोडं अडलंय." साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. "संघातल्या सगळ्या मुलींचे करार मिळून चाळीस लाखांच्या वर जायचं नाही, असा लीगचा नियम आहे. कुणी पैसेवाल्या मालकानं सगळ्या चांगल्या मुली एकट्यानं उचलू नयेत म्हणून केलाय. आपले चाळीस भरलेत. पल्लवी अंथरुणात पडली तरी तिचे आठ लाख त्यातच धरायचे. कळशी काठोकाठ भरलीय. नवा तांब्या ओतायचा तर आधी तांब्याभर पाणी काढावं लागतंय."

"मालक वरनं देतील की," मी म्हणाले. "एवढी बियाण्याची कंपनी आहे त्यांची."

"मालक दहा लाख देतील गं. लीग घेऊ देणार नाही. पण हंगामाच्या मध्यावर फेरकरार करता येतो. खेळाडूनं आपल्या राजीखुशीनं स्वतःचा करार कमी करून घ्यायचा. मी जबरदस्ती करू शकत नाही. आणि कमी केलेले पैसे मागच्या दारानं परतही देऊ शकत नाही. सापडलं तर संघाचे गुण जातात." त्यांनी बशीतला एक काजू उचलला आणि परत ठेवला. "बाकीच्या पोरी दोन-दोन लाखांवर आहेत. त्याच्या खाली लीग कुणाला उतरू देत नाही. पाच-पाच लाखांवर तुम्ही दोघीच. दोघींनी दीड-दीड सोडा, नाहीतर एकीनं तीन सोडा. उद्या दुपारी मुदत संपतीय. नाही जमलं तर उपांत्य फेरीचं नाव काढायला नको."

बाबर सर खिडकीतूनच म्हणाले, "पोरींनो, नको वाटलं तर नको म्हणा. मी आहे इथं."

पण नको म्हणणं इतकं सोपं नव्हतं. कप जिंकायचा होता. आमची दोघींची तिशी उलटली होती, आणि पुढच्या हंगामात आम्हाला कुणी विचारेल याची खात्री नव्हती. वर्तमानपत्रात एकदा तरी मधल्या पानावर फोटो यावा असं मला वाटायचं. सुगंधालाही वाटत असणार. फक्त ती बोलायची नाही.

पैशाचं म्हणाल तर कराडात माझ्या घराचा वरचा मजला अर्धा उभा होता. गवंडी येऊन बसला होता, जिन्याच्या लोखंडी सळ्या आभाळाकडे तोंड करून गंजत होत्या, आणि सासूबाई रोज फोनवर त्या सळ्यांची खबर द्यायच्या. तिकडे सुगंधाला गिरणी टाकायची होती. पिठाची चक्की आणि जोडीला मसाला कांडायचं यंत्र. तिनं जागा बघून ठेवली होती, गावात एसटी थांब्याच्या मागे. नवऱ्याचं घर तिनं लग्नानंतर दोन वर्षांत सोडलं होतं आणि तेव्हापासून ती भावाच्या घरी होती. भाऊ वाईट नव्हता, वहिनीही तोंडावर काही बोलायची नाही. पण सुगंधा मला एकदा म्हणाली होती, "भाजी दुसऱ्यांदा वाढून घ्यायच्या आधी मी भांड्यात वाकून बघते गं, उरलीय का म्हणून." गिरणी झाली की ती त्या स्वयंपाकघरातून उठणार होती. तिच्या पाच लाखांचा हिशेब एवढाच होता, आणि तो मला तिच्याइतकाच पाठ होता.

मोहिते साहेब वाट बघत होते. भिंतीवरचं एसीचं यंत्र घरघरत होतं. दीड लाख म्हणजे जिना आणि न्हाणीघर, असं माझ्या मनात चाललं होतं.  सुगंधा पुढच्या टीपॉयच्या पायाकडे बघत होती, मैदानात बघते तशीच, खाली.

मी तिचा हात दाबला.

ती लगेच बोलली. "माझे करा कमी, साहेब."

"शाबास," साहेब म्हणाले. त्यांच्या तोंडावर असा उजेड पडला की मला त्यांचा रागच आला. "किती करू?"

 सुगंधा थांबली. आता पुढचं वाक्य माझं होतं. "माझेही करा, दीड-दीड धरा," एवढंच. फार मोठं वाक्य नव्हतं ते. मी तोंड उघडलं आणि समोरचा चहाचा कप उचलून तोंडाला लावला. चहा केव्हाच गार झाला होता. तो मी सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. त्या वेळात ती माझ्याकडे बघत होती का, हे मला सांगता येणार नाही, कारण मी कपात बघत होते.

"तीन करा," सुगंधा म्हणाली.

बाबर सर वळले. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पुन्हा ते ट्रक बघायला लागले.

कागद तयारच होता. साहेबांनी पेन दिलं. सही करायला तिचा हात मोकळाच होता. "पुढच्या वर्षी भरून काढू, शब्द माझा," साहेब म्हणाले. "कागदावर लिहिता येत नाही, तेवढं समजून घे. आणि आजपासून तुझं सगळं या दोन लाखांवर मोजायचं हां. बक्षिसातला वाटा, दुखापत झाली तर भरपाई, सगळंच."

"मला काय होतंय," ती म्हणाली.

तिनं काजू घेतले नाहीत. मीही घेतले नाहीत, पण मी घेतले नाहीत ते काही चांगुलपणानं नव्हे.

खोलीवर आल्यावर मला वाटलं, आता ती भांडेल. तिनं भांडावं म्हणून मी मनात उत्तरंही तयार केली होती. मला घर आहे, सासू आहे, तुला काय, एकटीचा जीव, असलं सगळं. तिनं पिशवीतून तेलाची बाटली काढली आणि पाय पुढे केला. "पोटरी चोळून दे जरा, ओढ बसलीय." मी चोळून दिली. तेल चांगलं मुरेपर्यंत चोळलं. मनात म्हणाले, आपल्या पाचातले दीड हिला आपण हातात देऊ. संघानं द्यायला बंदी आहे, मैत्रिणीनं मैत्रिणीला द्यायला कोण अडवतंय? पैसे हातात आले की देऊ. असं ठरवल्यावर मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्यामुळे मी ते तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर द्यावे लागले असते.

मीनू आली. काटक, कमी बोलणारी पोर होती, पण अंगात वीज होती. पहिल्याच सामन्यात तिनं समोरचं अर्धं मैदान रिकामं केलं. आम्ही एकामागून एक जिंकत गेलो. मोहिते साहेब केळ्यांबरोबर खजूरही वाटायला लागले. मीनूला कुणी सांगितलं कुणास ठाऊक, एकदा जेवताना ती आपल्या ताटातला गुलाबजाम उचलून सुगंधाच्या ताटात ठेवून गेली. "दीदी, आपका है," एवढंच म्हणाली. सुगंधानं हसून तो खाल्ला. मी मान खाली घालून भात कालवत राहिले.

पकडीत मात्र काहीतरी बिनसलं होतं. बाहेरून बघणाऱ्याला ते दिसलं नसतं. मी हात दाबून सोडायचे आणि सुगंधा जायची, पण क्षणभर उशिरा. तेवढ्यात पोर निसटायची. बाबर सरांनी सरावात शिट्टी फुंकली.

"काय गं, हात मेलेत काय तुमचे? एवढी वर्षं डोळे झाकून खेळताय, आता काय झालं?"

"काय न्हाई सर," सुगंधा म्हणाली. "दम कमी पडतोय."

"दम नव्हे." सर जवळ आले. "तू मागं बघायला लागलीस. कोपऱ्यावरच्या खेळाडूनं मागं बघायचं नसतं. बघितलंस तर पाय अडकून मोडून घेशील."

"न्हाई बघणार."

सर माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता हे त्या खोलीतलं काढतात. त्यांनी काढलं नाही. "तुझं तू बघ, हेमा," एवढं म्हणून ते शिट्टी फुंकत दुसऱ्या टोकाला गेले. त्या दिवशी संध्याकाळी मी तिच्याशी बोलायला हवं होतं. मी सासूबाईंना फोन करून फरशीचा रंग ठरवला.

उपांत्य सामना अगदी शेवटापर्यंत बरोबरीत होता. त्यांची मुख्य चढाईवाली दांडगी, उंच पोर होती, आणि शेवटची चढाई घेऊन तीच आली. तिला धरलं तर आम्ही अंतिम फेरीत, सुटली तर घरी. आमच्या बाजूला आम्ही तिघीच उरलो होतो. सुगंधा वाकून तिच्या पायांकडे बघत होती. तिच्या तळव्याला घाम आला होता, की तो माझा होता, कुणास ठाऊक. पोर उजवीकडे झुकली, खांदा वळला, तोल गेला. यापेक्षा चांगली वेळ पुन्हा येणार नव्हती.

मी दोनदा दाबून हात सोडला.

सुगंधा गेली. झेपावली, घोटा हातात आला, आणि तेवढ्यात तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं.

मी निघाले होते. त्या दिवशी मी निघाले होते, सगळं बळ लावून निघाले होते. पण मान वळल्याबरोबर तिचा गुडघा आतल्या बाजूला फिरला आणि ती दांडगी पोर, आणि तिच्यामागून मी, अशा दोघी तिच्यावर पडलो. आवाज मला ऐकू आला. लाकडी बाकडं ओढल्यासारखा होता. सुगंधानं घोटा सोडला नाही. पंचांनी हात वर केला, लोक उठून उभे राहिले, मीनू नाचत आली, आणि खाली सुगंधा माझ्या पोटाखालून म्हणाली, "ऊठ गं हेमा, मला पाय काढू दे."

पाय तिचा तिला काढता आला नाही.

अंतिम सामना आम्ही तिच्याशिवाय जिंकलो. वर्तमानपत्रात मधल्या पानावर फोटो आला. मी डावीकडून दुसरी, आणि माझ्या डाव्या बाजूला कोपऱ्यावर एक बदली पोर उभी. तिचा हात माझ्या हातात होता. तिचं नाव आता मला आठवत नाही.

मोहिते साहेब मला दवाखान्याच्या जिन्यात भेटले. कप जिंकलेल्या माणसाच्या तोंडावर असायला हवा तसा आनंद नव्हता. "गुडघ्यातले दोन लिगामेंट तुटलेत," ते म्हणाले. "एक शस्त्रक्रिया झाली, दुसरी करावी लागेल. लीगकडून भरपाई मिळतीय, पण ती कराराएवढी. दोन लाख. ते इथंच संपतील." ते जिन्याच्या कठड्यावर हात फिरवत राहिले. "पाच असते तर..." एवढंच म्हणाले. पुढच्या वर्षी भरून काढायचा शब्द त्यांनी मोडला असं मी म्हणणार नाही. गुडघा न वाकणाऱ्या खेळाडूशी करारच कुणी करत नाही, त्यामुळे शब्द पाळायची वेळच त्यांच्यावर आली नाही.

माझ्या पर्समध्ये दीड लाख होते. मिळाले त्याच दिवशी मी ते बँकेतून काढले होते आणि वर्तमानपत्रात गुंडाळले होते, फोटो छापलेल्या नव्हे, दुसऱ्या.

सुगंधाच्या पायाला जांघेपासून घोट्यापर्यंत पट्ट्या होत्या. वहिनी डबा घासायला नळावर गेली होती. मी पुडकं उशाशी ठेवलं.

"काय गं हे?"

"दीड आहेत."

"कशाचे?"

"माझ्यातले." मी स्टूल ओढून बसले. हात कुठं ठेवायचे ते मला कळेना. "तेव्हाच द्यायचे होते. पहिल्या दिवसापासून ठरवलं होतं मी. देवाशप्पथ."

 ती छताच्या पंख्याकडे बघत होती. मला गप्प बसवेना.

"सुगंधा, त्या दिवशी साहेबांच्या खोलीत मी तुझा हात दाबला ना, तो भीतीनं दाबला गं. मला काही सुचत नव्हतं. तुला वाटलं असेल की मी खूण केली. खूण नव्हती ती. मी नुसती घाबरले होते."

हे मी इतक्या वेळा मनात म्हटलं होतं की मला ते खरं वाटायला लागलं होतं. बोलतानाही खरंच वाटत होतं. माझे डोळे भरून आले होते आणि ते अश्रू खोटे नव्हते.

सुगंधानं मान माझ्याकडे वळवली. रागानं नव्हे. रागावली असती तर मी पाय धरून मोकळी झाले असते.

"दोनदा दाबलास," ती म्हणाली. "आन् सोडलास."

"अगं..."

"भ्यालेलं माणूस हात सोडत न्हाई, हेमा. धरून ठेवतं."

नळावर डबा घासल्याचा आवाज येत होता. मी खाली बघितलं. माझा डावा हात मांडीवर होता, उघडा.

"पण परवा मी आले होते," मी म्हणाले. माझा आवाज मलाच लहान मुलीसारखा वाटला. "मैदानात मी आले होते सुगंधा. विचार कुणालाही. मी निघालेच होते."

"आलीस की," ती म्हणाली. "तू आलीस. मीच बघत बसले."

मग ती म्हणाली, "उशी जरा वर कर, मान अवघडलीय." मी उशी वर केली. तिनं पुडकं उचलून माझ्या हातात दिलं. "ने हे. मजला पुरा कर. गवंडी बसून राहिला की सासू तुला खायला उठती." वहिनी डबा घेऊन आत आली आणि म्हणाली, हेमाताई, चहा घेऊन जा की. मी चहा घेतला नाही.

ते पैसे मी परत आणले. तिच्या उशाखाली सरकवून निघून येता आलं असतं, भावाच्या हातात देता आले असते, गिरणीच्या यंत्रासाठी भरता आले असते. मी ते परत आणले आणि मजला पुरा केला. जिना चांगला झालाय. वर हवा छान येते. पाहुणे आले की सासूबाई सांगायच्या, सुनेनं खेळून बांधला, आणि मी चहा टाकायच्या निमित्तानं आत जायचे. आजही त्या जिन्यावरून जाताना मला माझी लाज वाटते, आणि लाज वाटते म्हणून कुणी जिना पाडत नाही, हेही मला ठाऊक आहे.

सुगंधा भावाच्या घरीच आहे. एसटी थांब्याच्या मागच्या जागेत दुसऱ्या कुणी तरी मोबाइलचं दुकान टाकलं. लग्नकार्यात आमची गाठ पडते. ती पाय लांब करून खुर्चीवर बसलेली असते. मला बघितलं की नीट विचारते, जेवलीस का, पोराचं काय चाललंय, सासूबाईंचा दमा कसा आहे. मी शेजारच्या खुर्चीवर बसते. तिचे हात तिच्या मांडीवर असतात, एकात एक गुंतवलेले.

बाबर सर गेल्यापासून मंडळाच्या मुलींना मी शिकवते. साखळी करून त्या उभ्या राहिल्या की मी एकेकीच्या मागून फिरते आणि हात बघते. गेल्या आठवड्यात कोपऱ्याच्या जोडीतल्या एकीनं शेजारणीचा हात गुपचूप दाबलेला मला दिसला. मी शिट्टी फुंकून सगळ्यांना थांबवलं.

"खुणा करायच्या नाहीत," मी म्हणाले. "जा म्हणायचं असेल तर तोंडानं जा म्हणायचं. येते म्हणायचं असेल तर येते म्हणायचं. मोठ्यानं."

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. दुसऱ्या कुठल्याही मैदानावर कुणी असं शिकवत नाही, हे त्यांना पक्कं माहीत आहे.

"पण मॅडम, चढाईवालीला ऐकू जाईल की."

"जाऊ दे," मी म्हणाले. "सगळ्यांना ऐकू जाऊ दे."